नौपाड्यातली नोटीस

पहिला दिवस : मंगळवार

टॅक्सी तीन हात नाक्यावरून नौपाड्यात वळली तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मावशी गॅलरीत उभी होती. खालून कुणीतरी ओरडलं, "वहिनी, गॅलरीत नका उभ्या राहू, फाटकावर काय लावलंय वाचलंत ना?" मावशी म्हणाली, "भाची येतेय माझी," आणि तिथेच उभी राहिली.

फाटकावर महापालिकेची नोटीस होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तारेने बांधलेली, म्हणजे पावसाची तयारी निदान नोटिशीने तरी केली होती. पावसाळ्याआधी पालिका दरवर्षी धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे माणसं आत ठेवून दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. मावशीची इमारत तळमजला अधिक तीन, पागडीची, साठीच्या घरातली. यंदा तिचा वर्ग सी-२ए. "गेल्या साली सी-३ होती," काकांनी माझी बॅग उचलता उचलता सांगितलं. "पोरगं वरच्या वर्गात जावं तशी चढतेय."

मी हसले, पण जिन्यावर माझं मलाच अवघडल्यासारखं झालं. गेली पंचवीस वर्षं मी हाच उद्योग करते, इमारतींऐवजी देशांचा. कुठे यादवी पेटेल, कुठून लोंढे निघतील, हे आधी कळावं म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनांनी ज्या यंत्रणा उभ्या केल्या त्यांचा अभ्यास. मावशी शेजारीपाजारी सांगते, "आमची भाची युनोत आहे." मी युनोत कधीच नव्हते. युनोवर आहे, असं फार तर म्हणता येईल.

स्वयंपाकघरात छताचा पोपडा गेलेला, आत गंजलेल्या सळया. बरोबर त्याखालची जागा मावशीने रिकामी ठेवलीय, बाकी ओट्यावर सगळं जिथल्या तिथे. चहा पिता पिता काकांनी विचारलं, "तुझ्या शास्त्रात याला काय म्हणतात?" मी म्हटलं, "निर्देशक." ते म्हणाले, "आम्ही सळया म्हणतो."

दुपारभर झोपले. संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी मारली. काकांना माझ्या कामाची चौकशी करायची होती आणि मला खरंच कुणालातरी सांगायचं होतं, म्हणून कट्ट्यावर बसून पहिल्यापासून सांगितलं. मुंबई विद्यापीठाच्या कलिन्याहून एम.ए., मग दिल्लीला जेएनयू, विषय आंतरराष्ट्रीय संघटना. पीएचडीला निवडलं संयुक्त राष्ट्रांचं एक कार्यालय, इंग्रजी आद्याक्षरांत ओआरसीआय. संशोधन आणि माहितीसंकलन हे त्याचं काम. १९८७ मध्ये सरचिटणीस पेरेझ द क्वेयार यांनी ते सुरू केलं, प्रमुख नेमले सिएरा लिओनचे जेम्स जोना. संघर्षाची कुणकुण आधी लागावी हा हेतू. पण माहिती गोळा करायची म्हटलं की सदस्यदेशांच्या कपाळावर आठ्या. आपल्या घरात कुणी डोकावलेलं कुणालाच नको असतं. १९६०च्या काँगो मोहिमेत तर गुप्तवार्ता हा शब्द टाळायचा म्हणून त्या विभागाला 'लष्करी माहिती शाखा' असं सोवळं नाव द्यावं लागलं होतं. १९९२ मध्ये बुत्रोस-घाली सरचिटणीस झाले आणि पुनर्रचनेत ओआरसीआय बंद पडलं. त्याच वर्षी त्यांनी 'शांततेसाठी कार्यक्रम' नावाचा जो अहवाल दिला, त्यात पूर्वसूचना किती मोलाची आहे ते लिहिलेलं आहे.

"म्हणजे तू पाच वर्षं अभ्यास केलास त्या ऑफिसचा, आणि ते चाललं किती?" काकांनी विचारलं.

"पाचच वर्षं."

काका बराच वेळ तळ्याकडे बघत राहिले.

पुढचं मी थोडक्यात उरकलं. दोन-दोन वर्षांचे करार, पाच शहरं, पहिली कायमची नोकरी त्रेचाळिसाव्या वर्षी. या धंद्यात यश दाखवता येत नाही. जे घडलं नाही ते आपल्यामुळे घडलं नाही, हे कुठल्या अर्जात कसं लिहिणार? अनुदानाच्या फॉर्मवर 'परिणाम' असा एक रकाना असतो. तो भरताना मला दरवर्षी घाम फुटतो.

दुसरा दिवस : बुधवार

वाशीला प्राध्यापकांची उन्हाळी कार्यशाळा. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडली. ऐरोली, रबाळे, घणसोली. काचेच्या इमारती आणि त्यांच्या पायाशी जुन्या गावठाणांची दाटी, दोन्ही एकाच खिडकीतून दिसतात. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण त्यांचा प्रोजेक्टर शेवटपर्यंत चालला नाही आणि मंडळी फार अगत्यशील होती.

फळ्यावर खडूने तारीख लिहिली : ११ जानेवारी १९९४. त्या दिवशी रवांडातल्या संयुक्त राष्ट्र तुकडीचे प्रमुख, कॅनडाचे जनरल रोमिओ दालेर, यांनी न्यूयॉर्कला फॅक्स पाठवला. त्यांच्याकडे आतला एक खबऱ्या आला होता. राजधानी किगालीतल्या तुत्सी जमातीच्या सगळ्या लोकांची नोंद करण्याचा हुकूम आपल्याला मिळालाय आणि आपली माणसं वीस मिनिटांत हजार जण मारू शकतात, असं तो सांगत होता. शस्त्रं कुठे लपवलीत तेही दाखवायला तयार होता. दालेर छत्तीस तासांत छापा घालणार होते. मुख्यालयाने कळवलं, हे तुमच्या अधिकारात बसत नाही, राष्ट्राध्यक्षांना आणि काही वकिलातींना माहिती द्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कत्तल सुरू झाली. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने काय केलं, तर तुकडी २७० माणसांवर आणायचं ठरवलं. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली.

हे मी शंभरदा तरी सांगितलं असेल. सांगताना आवाज सपाट होतो, हेही मला माहीत आहे.

एका प्राध्यापकांनी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम ९९ काढलं. शांततेला धोका वाटेल तो विषय सरचिटणीस आपणहून सुरक्षा परिषदेपुढे ठेवू शकतात, मग ठेवत का नाहीत? मी डिसेंबर २०२३चं उदाहरण दिलं. गाझासाठी सरचिटणीस गुटेरेस यांनी ६ तारखेला हे कलम वापरून पत्र लिहिलं आणि ८ तारखेला युद्धबंदीच्या ठरावावर अमेरिकेचा नकाराधिकार आला. घंटा वाजवायचा हक्क एकाकडे आणि दाराची किल्ली दुसऱ्याकडे.

खरा प्रश्न आला तो शेवटच्या रांगेतून. उरणकडच्या एका कॉलेजातल्या बाई, आगरी समाजातल्या, घर प्रकल्पग्रस्तांचं. त्या म्हणाल्या, "मॅडम, रवांडा लांब आहे. आमच्या जासईचं सांगा."

नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली १९७० मध्ये. नवी मुंबईसाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. मोबदल्यावरून वर्षानुवर्षं निवेदनं झाली, मोर्चे झाले, दि. बा. पाटलांची भाषणं झाली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली ती त्यानंतर. बाई म्हणाल्या, "आजोबांच्या निवेदनांची फाइल एवढी जाड आहे," आणि बोटं फाकवून दाखवलं. "पूर्वसूचना म्हणता ती हीच ना? मग ती वाचायची कुणी होती? ज्याच्याविरुद्ध होती त्यानेच?"

आमच्या क्षेत्रात सूचना आणि प्रतिसाद यांच्यातल्या दरीवर कपाटंच्या कपाटं लिहिलेली आहेत. पण त्यातलं बरंचसं असं गृहीत धरतं की सूचना ऐकणारा तिसरा कुणी असतो, शांत डोक्याचा, फक्त माहितीअभावी अडलेला. बाईंचा आक्षेप त्या गृहीतकालाच होता. मी जे उत्तर दिलं ते मला पटलेलं नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

येताना गाडीत उभ्यानेच आले. कोपरखैरण्याला एक बाई जांभळं घेऊन चढली, डब्यातच संपली.

तिसरा दिवस : गुरुवार

भिवंडी. खरं तर या सगळ्या प्रवासात मला स्वतःसाठी करायचं होतं ते एवढंच.

एसटीने निघाले. बाळकुम, कशेळीचा पूल, काल्हेर, अंजूरफाटा. दुतर्फा गोदामं आणि मेट्रोचे खांब. ऑनलाइन मागवलेला निम्मा संसार इथून निघत असावा, असं ट्रकांच्या रांगेकडे बघून वाटतं. गावात शिरलं की मात्र यंत्रमागांचा खडखडाट अजून ऐकू येतो. पूर्वीइतका नाही म्हणतात.

माझ्या लहानपणी ठाण्यात भिवंडी हा शब्द मोठी माणसं आवाज खाली करून उच्चारायची. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून दंगल पेटली, न्यायमूर्ती मादन यांचा चौकशी आयोग बसला. मे १९८४ मध्ये पुन्हा पेटली, त्या वेळी आग ठाण्यात आणि मुंबईतही पसरली. आम्ही नौपाड्यात खिडक्या लावून बसलो होतो. मावशीने तेव्हा आठ दिवसांचं पीठ एकदम दळून आणलं होतं, हे तिला अजून आठवतं.

आणि मग डिसेंबर १९९२. बाबरी मशीद पाडल्यावर मुंबई जळत असताना, जिथे सगळ्यात आधी पेटणार असं जो तो धरून चालला होता, ती भिवंडी शांत राहिली. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. शांतता समित्या आधीही होत्या, पण त्यांत पुढारी असायचे आणि बैठक व्हायची ती सणाच्या तोंडावर. या कमिट्यांत गल्लीतली दोन्हीकडची साधी माणसं आणि त्यांच्याबरोबर त्याच भागातला पोलीस. हिंदू-मुस्लिम संघर्षावर काम करणारे राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा शहरांच्या जोड्या लावून जे म्हटलं, ते थोडक्यात असं की दोन्ही समाजांची माणसं जिथे एकाच संघटनेत, एकाच धंद्यात अडकलेली असतात तिथे ठिणगी विझते. भिवंडीची त्यांनीही दखल घेतली आहे.

त्या कमिटीत बसलेल्या एका मागमालकांकडे मला एका पत्रकार मित्राने पाठवलं होतं. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, माग आता मुलगा बघतो. मी चाचा म्हटलं, ते मला बेटी म्हणाले. मराठी त्यांची चोख, मध्येच हिंदीत शिरायची आणि परत यायची.

मी वही उघडली. कमिटीचं काम कसं चालायचं?

"चाय पीते थे," ते म्हणाले.

मला वाटलं टाळतायत. पण ते गंभीर होते. "भांडण झाल्यावर साहेबाबरोबर सगळेच चहा पितात, बेटी. आम्ही भांडण नसताना प्यायचो. गटाराचं, लाइटचं, कुणाच्या पोराचं लफडं, तेच बोलायचो. समोरच्या आळीतले पाटील बसायचे. त्यांची म्हैस कधी व्याली ते मला माहीत, माझा माग कधी बंद पडला ते त्यांना." एका रात्री पलीकडच्या नाक्यावर कुणाला तरी भोसकलं अशी आवई उठली. दुकानं धडाधड बंद. चाचा आणि पाटील एकाच स्कूटरवर बसून बघायला गेले. दारू पिऊन एकजण बाटलीवर पडला होता. दोघांनी त्याला दवाखान्यात नेलं आणि परत येताना प्रत्येक नाक्यावर थांबून सांगत आले. "मी एकटा सांगतो तर अर्ध्यांनीच ऐकलं असतं," चाचा म्हणाले.

मला इथे करामोजाची आठवण आली. युगांडा, केनिया, इथिओपिया आणि दक्षिण सुदान (तेव्हाचा सुदान) यांच्या सीमा भिडतात तो गुराख्यांचा प्रदेश. पूर्व आफ्रिकेतल्या देशांच्या इगाड या संघटनेने २००२ मध्ये सीवॉर्न नावाची पूर्वसूचनेची यंत्रणा करार करून उभी केली, मुख्यालय अदिस अबाबात. इगाडचा जन्म मुळात दुष्काळासाठी झालेला. मोठ्या राजकीय युद्धांना हात लावायला सरकारं तयार नव्हती, म्हणून सुरुवात गुरं पळवण्याच्या चढायांपासून झाली. गावोगावचे निरीक्षक ठरावीक प्रश्नांची उत्तरं भरून पाठवत, तिथून देशाच्या समन्वयकाकडे, तिथून अदिसला. बायका-मुलांची हालचाल कमी झाली का? बाजार भरला का? आणि त्या यादीतली माझी सगळ्यात आवडती नोंद : चढाईआधी आशीर्वादाचा विधी झाला का? कुठल्याही उपग्रहाला हे दिसत नाही. ज्याला त्या विधीचं जेवण मिळतं त्यालाच कळतं.

माझ्या उमेदवारीच्या काळात मी हे तक्ते संगणकात भरले आणि आलेख काढले. आलेख चांगले आले, त्यांवर दोन निबंध छापून आले. निरीक्षकाने फॉर्म भरल्यावर त्या संध्याकाळी तो कुणाशी बोलायला गेला, हे मात्र मी कुणाला विचारलं नाही. फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता. चाचांच्या ओसरीवर बसून मला तो रकाना आठवत होता.

निघताना म्हटलं, एखादा फोटो घेते. कशाचा घ्यायचा ते ठरेना. दंगल झालेल्या जागा दाखवता येतात. न झालेल्या दंगलीची जागा म्हणून चाचांनी समोरची पानपट्टी दाखवली. "वहीं बैठते थे. तेव्हा चहाची टपरी होती." मी पानपट्टीचा फोटो घेतला. पानवाला खूश झाला.

चौथा दिवस : शुक्रवार

सकाळी मामलेदारची मिसळ. तिखट झेपलं नाही, काकांना अतोनात आनंद झाला.

बाकी दिवस उकाड्यात गेला. ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो अजून असतील तर बघावेत असा बेत होता, तो घामात विरघळला. दुपारी मावशीला आमच्या शास्त्राची एक व्याख्या सांगून बसले. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाची जी आकडेवारी आम्ही सगळे वापरतो, तिच्यात दोन बाजूंच्या लढाईत वर्षभरात निदान पंचवीस माणसं मेली तरच तो सशस्त्र संघर्ष धरतात. मावशी तांदूळ निवडत होती. "आणि चोवीस मेली तर?" तिने विचारलं. मी म्हटलं, कुठेतरी रेघ मारावीच लागते. "मारा की. मी कुठे नको म्हणतेय," ती म्हणाली.

रात्री वळवाचा पाऊस आला. दहा मिनिटं, पण जोरदार. साडेअकराच्या सुमाराला स्वयंपाकघरात थाडकन आवाज झाला. ताटाएवढा तुकडा, बरोबर मावशीने रिकामी ठेवलेल्या जागेत. "बघ, मला माहीत होतं इथेच पडणार," ती म्हणाली आणि सुपलीत गोळा करायला लागली. तिच्या स्वरात चक्क समाधान होतं. मला राग आला. माझ्यावरच बहुधा. चार दिवस मी त्या सळयांखालून पाण्याचा तांब्या भरून नेत होते.

पाचवा दिवस : शनिवार

संध्याकाळी रहिवाशांची बैठक. आधी गच्चीवर ठरली होती, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की चोवीस माणसं एकदम गच्चीवर नकोत. खाली फाटकाशी खुर्च्या टाकल्या, नोटिशीच्या शेजारीच.

भांडण दोन अहवालांचं होतं. घरमालकाने स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं, त्याचा इंजिनीअर म्हणतो सी-१. भाडेकरूंनी वर्गणी काढून दुसरं करून घेतलं, तो म्हणतो सी-२बी. पालिकेने मधलं काढलं. इमारत एक, सळया त्याच, पण पैसे कुणी दिले त्याप्रमाणे वर्ग. मला हसू आवरेना. अस्थिर राज्यांच्या याद्यांवर आमच्या परिषदांत हेच चालतं. आपल्या देशाचं नाव खालच्या पायरीवर यावं म्हणून वकिलातींचे अधिकारी परिच्छेदाच्या परिच्छेद गाळायला लावतात. कारण यादीत नाव आलं की पर्यटक थांबतात, कर्ज महागतं, विरोधकांच्या हाती कोलीत मिळतं. धोका आहे हे त्यांना आमच्यापेक्षा आधी ठाऊक असतं.

मला बोलायला सांगितलं. "ही युनोत असते, धोक्यांचंच काम करते," अशी ओळख झाली. मी कालच्या तुकड्याचं सांगितलं. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत जिलानी इमारत कोसळली, चाळीसेक माणसं गेली, तेही सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. दुसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका म्हणाले, "हे सगळं आम्हाला कळतं गं. तू एक सांग. आज बाहेर पडलो आणि उद्या मालकाने पाडली, तर मी इथे राहत होतो याला पुरावा काय?"

माझ्या भाषणात याचं उत्तर नव्हतं. ते होतं तळमजल्यावरच्या शिंपीकाकूंकडे. त्यांच्या भावाच्या चाळीचं असंच झालं होतं. पाडायच्या आधी प्रत्येकाच्या खोलीचं मोजमाप होतं, कोण राहतो आणि किती जागेत, याचा पालिकेचा दाखला मिळतो, पुढे पुनर्बांधणीत हक्क सांगायला तोच कामी येतो. "दाखला हातात पडला त्या दिवशी माझा भाऊ टेम्पो घेऊन आला," काकू म्हणाल्या. "त्याआधी चार पावसाळे हलला नव्हता."

मग बैठकीचा रंगच पालटला. अर्ज कुणी लिहायचा, कुणाचं वीजबिल कुणाच्या नावावर, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी गॅलरी बंद केलीय ती धरायची की नाही, यावर दीड तास कडाक्याचं भांडण झालं. पण एकाही माणसाने 'आम्ही जाणार नाही' हे वाक्य पुन्हा उच्चारलं नाही. मावशीने कासारवडवलीच्या लेकीला तिथूनच फोन लावला, चार महिन्यांसाठी देव्हारा कुठे ठेवशील, म्हणून.

माझं विमान पहाटेचं. रात्री साडेनऊला काकांनी कपाटावरून मोजपट्टी काढली. पालिकेचा माणूस येईल तेव्हा येईल, आपलं आपण आधी मोजून ठेवू. एक टोक माझ्या हातात दिलं. पुढची खोली झाली, मधली झाली. स्वयंपाकघरात मी भिंतीला टोक धरून उभी राहिले, नेमकी सळयांखाली.

"तिथे नको, इकडे सरक," मावशी म्हणाली.

मी सरकले. काका चष्मा कपाळावर ढकलून पट्टीवर वाकले. "नऊ फूट साडेसात इंच."

"दहा आहे ते," मावशी म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून दहा आहे. तू पट्टी नीट ताणून धर गं."